लेकरू घरची पेज थुंकते, डब्यातलं मात्र मिटक्या मारत खाते. काय करावं?

धामणगावची_सून
नमस्कार मंडळी. मुलगा नऊ महिन्यांचा आहे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरण-भात कुस्करून, असं रीतसर सुरू केलं. आता ज्वारी, मूगडाळ आणि थोडे तांदूळ एकत्र करून चक्कीवरून बारीक दळून आणते आणि त्याची पेज करते. पहिला चमचा घेतो, दुसऱ्याला तोंड फिरवतो, तिसरा माझ्या पदरावर. जावेने तिच्या मुलीच्या विकतच्या डब्यातलं पीठ कालवून दिलं तर तोच पठ्ठ्या वाटी चाटूनपुसून खातो. सासूबाई म्हणतात, गूळ टाक, अळणी कोण खाते? आशाताई म्हणतात, वर्षाच्या आत साखर-मीठ नाही. मधल्यामध्ये मी. साखर न घालता पेजेला खरंच चव आणता येते का? दर महिन्याला डबा परवडत नाही. अन् घरात ज्वारी-तूर पोत्याने असताना तो आणायचं जिवावरही येतं.

पुण्यातला_वऱ्हाडी
आम्ही कण्या अन् मही खाऊन मोठे झालो, कोणी विचारलं नाही चव कशी आहे म्हणून. :)

आर्वीची_आजी
पुण्यातल्या भाऊ, तुह्या मायले विचारजो, तू किती थुंकत होता ते. तिले आठवत असंन.

पोरी, तू आंधी हे सांग, दळण भाजून नेतं का तसंच? ज्वारीच्या कच्च्या पिठाले एक वास असते. आपल्याले भाकरीत समजत नाही, कारण तव्यावर ते भाजल्या जाते. पेजेत तो वास तसाच राहते अन् लेकराले बरोबर समजते.

धामणगावची_सून
तसंच नेते, आजी. फक्त निवडून, पाखडून. भाजायचं धान्य की पीठ?

आर्वीची_आजी
धान्य. अन् येगयेगळं भाजाचं, एकत्र नाही. डाळ लवकर लाल होते, ज्वारीले टाइम लागते. एकत्र टाकलं का डाळ जळते अन् ज्वारी कच्चीच राहते, मंग पेज कडू. जाड बुडाची कढई, मंद आच, हात थांबू द्यायचा नाही. ज्वारी तडतडाले लागली, एखाददुसरी लाही फुटली का उतरवायची. डाळ गुलाबी झाली अन् घरभर वास सुटला का झालं. तांदूळ पांढरेच राहू दे, नुसते गरम झाले, हाताले कडक लागले तरी बस. थंड झाल्यावरच दळाले ने. गरम डब्यात भरलं का घाम सुटते अन् पीठ लागते.

पेज करताना पीठ आंधी थंड पाण्यात कालवजो, मंग चुलीवर ठेवजो. उकळत्या पाण्यात टाकलं का गाठी होतेत. अर्धं लेकरू चवीनं नाही, गाठीनं थुंकते.

अंगणवाडीवाली_ताई
आजींनी भाजण्याचं अगदी बरोबर सांगितलं. माझ्या अंगणवाडीत हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत असाल तर पुढे सरका.

आया "चव नाही" म्हणतात तेव्हा मी आधी वाटी बघते. बहुतेक वेळा खरी अडचण घट्टपणाची असते. पीठ शिजलं की फुगतं, पाच मिनिटं वारा लागला की खळ होते. ती टाळूला चिकटते, बाळाला गिळता येत नाही आणि ते जिभेने ढकलून देतं. आपण म्हणतो, आवडलं नाही. मग आई पाणी घालून पातळ करते. आता गिळता येतं, पण वाटीत उरतं काय? चहाच्या चमच्याने दोन चमचे पीठ म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, उष्मांक ३५. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० उष्मांक लागतात. बाळाचं पोट मावून मावून किती मावेल? वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिली. तुमचं बाळ आठ किलोचं असेल तर एका वेळी २४० मिली, ते पण तुडुंब. ३५ उष्मांकांची पेज दिवसातून आठ-नऊ वेळा पाजणार का?

तेव्हा पेज दाट पाहिजे आणि गिळायला सोपीही पाहिजे. यावर जुना घरगुती इलाज आहे, मोडाचं पीठ. गहू रात्रभर भिजवायचे, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायचे. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, हिवाळ्यात दोन दिवस लागतात. फडक्याला आंबूस वास आला किंवा दाणे बुळबुळीत झाले तर ते गहू टाकून द्यायचे, बाळाला नाही. मोड आले की वाळवायचे, चोळून कोंब झाडायचे आणि दळायचे. हे गहू खमंग भाजायचे नाहीत. फार तर कढई कोमट करून त्यातली ओल घालवायची. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं, ते पिठातल्या स्टार्चचे तुकडे करतं. जोरात भाजलं की ते मरतं. मग ते पीठ चवीला छान लागेल, पण पेज पातळ करणार नाही.

वापरायचं असं. आजींच्या भाजलेल्या पिठाची पेज नेहमीपेक्षा दाट शिजवा, चमचा उभा राहील अशी. खाली उतरवा. उकळी बसू द्या, पण वाफ निघत असली पाहिजे. त्यात चहाचा एक चमचा मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. दोन-चार मिनिटांत ती खळ तुमच्या डोळ्यांदेखत सैल होते, चमच्यावरून ओघळायला लागते. मी गटसभेत हे करून दाखवते तेव्हा बाया वाकून पातेल्यात बघतात, कोणी मागून पाणी ओतलं की काय म्हणून. सैल झाली की परत एक उकळी आणा. कच्चं पीठ वरून घातलंय, ते शिजलंच पाहिजे.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. स्टार्च तुटलं की त्यातून माल्टोज निघतं, ते मुळातच गोड असतं. साखरेचा दाणा न घालता पेज गुळचट लागते. चाखून बघा.

यावर १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चांगलं काम झालं आहे. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना नाचणी-गव्हाचं सत्त्व त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

बोंडअळीग्रस्त
ताई, माहिती जबरदस्त. फक्त एक गोष्ट ठळक करा. मोड गव्हाला किंवा नाचणीला आणा, ज्वारीला नको. घरात ज्वारी जास्त म्हणून कोणी तिलाच भिजवेल. ज्वारीच्या कोंबात धुरिन असतं, त्यातून सायनाइड तयार होतं. कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं तर दगावतं, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. तेच कोंबाचं विष. कोरडा पक्का दाणा बिनधास्त खा, त्यात काही नाही.

अंगणवाडीवाली_ताई
दादा, बरं झालं लिहिलंत. मी गहूच सांगते, पण कारणही सांगायला हवं. पुढच्या सभेत सांगेन.

नुसतंच_वाचतो
एवढा खटाटोप करण्यापेक्षा चमचाभर गूळ टाकला तर काय बिघडतं? आमच्या पिढीला कोणी असले नियम शिकवले होते? गुळात लोह असतं म्हणतात.

अंगणवाडीवाली_ताई
असतं, पण चमचाभर गुळातून बाळाच्या गरजेच्या मानाने किरकोळ मिळतं, साखर मात्र भरपूर जाते. जिभेला लागलेली गोडी मग साध्या वरण-भाताला टिकू देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना, दोघांचंही म्हणणं तेच आहे, दोन वर्षांच्या आत वरून साखर नको. गूळही त्यातच आला. लोह पाहिजे तर डाळ, अंड्यातलं पिवळं, मटण-कलेजी खात असाल तर ती मऊ शिजवून वाटून. आशाताई लोहाचं सिरप देतात ते आठवड्यातून दोनदा, १ मिली, नियमाने पाजा. पण पेजेत कालवून नका देऊ. पेजेची चव बिघडते आणि बाळ पेजेवरच रुसतं.

आर्वीची_आजी
गुळाचं मी बी म्हणणार होती, पण ताई म्हणते तर राहू द्या. दोन वरसानंतर पाहू.

मुनग्याचं_झाड
आम्ही भंडाऱ्याकडचे, आमच्याकडे ज्वारी कमी, सगळं धानाचं. तांदळाची पेज लेकरं लवकर घेतात, कारण ती मुळात गुळगुळीत असते. पण नुसत्या तांदळात दम नाही. आम्ही तीन मुठी तांदळाला एक मूठ मूगडाळ धरतो. कोहळ्याची (लाल भोपळ्याची) फोड त्यातच शिजवायची आणि घोटायची. कोहळं गोडसर असतं आणि रंगही असा सुरेख येतो की लेकरू वाटीकडे बघूनच हात मारतं. हिवाळ्यात कोहळ्याऐवजी रताळं.

मुनग्याचा (शेवग्याचा) पाला कोवळा घ्या, देठ काढा, आणि पेज उकळत असतानाच चिमूटभर चिरून टाका. जास्त झाला की तुरट-कडू. सावलीत वाळवून भुकटी करून ठेवली तर वर्षभर पुरते. मुनगा तर दारातच असतो, विकत कशाला आणायचा.

आमच्या भागातल्यांना एक विनंती, लेकराच्या पेजेला लाखोळीची डाळ वापरू नका. मोठ्यांनीही ती रोज खाऊ नये. पायातली ताकद जाण्याचा आजार तिच्यामुळे होतो, लॅथिरिझम म्हणतात त्याला. तुरीत भेसळ म्हणूनही ती येते, त्यामुळे सुटी डाळ घेताना तिरप्या कडांचे चौकोनी दाणे बघून काढत जा.

पुण्यातला_वऱ्हाडी
कोहळ्याचं नाव काढलं आणि बोंडं आठवली. विषयांतराबद्दल माफी.

धामणगावची_सून
खूप आभार सगळ्यांचे! आजींनी सांगितलं तसं भाजून दळून आणलं. खरंच फरक आहे, वासानेच सासूबाई चुलीपाशी आल्या. गहू आत्ता फडक्यात आहेत. तोवर दोन शंका. तूप कधी घालायचं, शिजताना की वरून? आणि आमच्याकडे संत्री आहेत, ती या वयात चालतात का? सासूबाई म्हणतात सर्दी होते.

अंगणवाडीवाली_ताई
तूप वरून, वाटीत वाढल्यावर. शिजताना घातलं की वास उडतो. चहाचा एक चमचा म्हणजे ४५ उष्मांक आणि वाटीचा घट्टपणा तसूभर वाढत नाही, उलट गिळायला सोपं. तूप नसेल तर घरचं तेल चालतं, फल्लीचं (शेंगदाण्याचं) असो की जवसाचं. जवसाचं मात्र गरम करू नका. फल्लीदाणे भाजून अगदी गंधासारखे वाटून अर्धा चमचा घातले तर चवही येते आणि ताकदही. पहिल्यांदा देताना जिभेच्या टोकाएवढंच द्या, सकाळच्या वेळी, आणि अंगावर पित्त उठतं का बघा. आख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात कधीच नाही. श्वासनळीत अडकतो.

संत्र्याने सर्दी होत नाही. सालपट, बिया आणि वरचा पापुद्रा काढून नुसता गर कुस्करा आणि पेज कोमट झाली की मिसळा. आंबटगोड चव येते आणि त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळ-ज्वारीतलं लोह अंगी लागतं. दूध घालून केलेल्या पेजेत नको, फाटेल. रस काढून बाटलीने पाजू नका, गरच बरा.

मेळघाटातला_मास्तर
इकडे धारणी-चिखलदऱ्याकडे कुटकीची, म्हणजे एका बारीक भरडधान्याची, पेज असते. कुटकी तांदळापेक्षा लवकर शिजते आणि तिला स्वतःचा एक खमंगपणा आहे. कोणाला मिळाली तर आधी चार पाण्यांनी धुवा, नाहीतर कचकच लागते. सरकारी अंडी-केळी मिळतात तिथे मी पालकांना सांगतो, केळं पेजेतच कुस्करा. पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या, त्याच्यापुढे साखर फिकी पडते.

पण सगळंच केळ्यासारखं गोड करू नका. एक वेळ गोड, दुसऱ्या वेळी जिऱ्याची. जिरं कोरडं भाजून पूड करायची आणि चिमूटभर, तुपात फिरवून. मीठ नसलं तरी चालतं, जिऱ्याने तोंडाला चव येते. दह्याची पेजही लेकरं आवडीने घेतात, मात्र दही ताजं हवं आणि पेज निवाल्यावरच घालायचं.

आर्वीची_आजी
मास्तर बरोबर बोलले. आंबट लेकराले आवडते. आपणच समजतो का लेकरू म्हणजे गोड.

वेलदोडा टाकला तरी वास चांगला येते. जायफळ मात्र सहाणेवर एकच येढा, जास्त नाही. लेकरू झोपते म्हणून बाया उगाळत बसतेत, ते वाईट. अन् गुटीत मध चाटवतेत, तो वरसाच्या आत देऊ नका.

नुसतंच_वाचतो
आजी, मधात काय आहे आता? मध तर औषध.

अंगणवाडीवाली_ताई
मधात कधीकधी बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही. पेज उकळल्यानेही ती मरत नाहीत. म्हणून थेंबभरही नको, शुद्ध असो की जंगलातला.

बोंडअळीग्रस्त
जावेच्या डब्याचा विषय राहिला. धामणगावच्या सूनबाईंनी डबा उलटा करून मागची घटकांची यादी वाचावी. जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला लिहितात. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) वरच्या तीन-चारांत दिसलं तर मिटक्यांचं कारण समजलं. अंगणवाडीच्या पाकिटाचंही तसंच, साखर आधीच घातलेली आहे का ते बघा आणि वरून आणखी घालू नका. पाकीट गुरांना घालणारेही आहेत गावात, त्यांना काय बोलावं.

धामणगावची_सून
वाचली यादी. दुसऱ्याच नंबरला. जावेला दाखवली तर म्हणाली, "मग काय झालं, खाते ना?" पुढे मी बोलले नाही, घरात राहायचंय.

मोडाच्या पिठाचं सांगते. झाली हो पेज सैल! मी आणि सासूबाई दोघी बघतच राहिलो. त्यांनी बोटाने चाखून विचारलं, "लपून गूळ टाकला का?" लेकराने अर्धी वाटी खाल्ली, उरलेल्या अर्धीत हात घालून केसांना लावली. पण दुसऱ्या दिवशी कोहळ्याची केली तर पुन्हा थू थू.

मेळघाटातला_मास्तर
त्यात वावगं काही नाही. नवीन चव आठ-दहा वेळा समोर आली की लेकरू स्वीकारतं, कधी त्याहून जास्त लागतात. कोहळं दोन चमच्यांपुरतंच ठेवा, एक दिवसाआड. बाकी पेज त्याच्या आवडीची. जबरदस्ती नको, नाक दाबून नको, आणि मोबाइल समोर धरून तर अजिबात नको. घरचे जेवायला बसतात तेव्हाच त्याची वाटी मांडा. बापाच्या ताटाकडे बघून पोरं खातात.

अंगणवाडीवाली_ताई
बरोबर. आणि वजन बघत राहा. महिन्याच्या महिन्याला वजन वाढतंय, खेळतंय, तर दोन दिवस कमी खाल्लं म्हणून जीव टांगणीला लावू नका. वजन थांबलं किंवा पट्टीने मोजलेला दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली गेला, तर पेजेच्या चवीवर चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. हे सगळ्यांसाठी.

कापूस_वेचणारी
मी पहिल्यांदाच लिहिते. वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला शेतात जावं लागतं, लेकरू आजीजवळ. सकाळी केलेली पेज दुपारी आजी देते, तेव्हा ती गोळा झालेली असते आणि लेकरू खात नाही. थर्मासमध्ये ठेवली तर चालते का?

अंगणवाडीवाली_ताई
ताई, पेज शिजवून ठेवू नका, विशेषतः उन्हात. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली की आंबते, थर्मासच्या कोमटपणात तर लवकरच. त्यापेक्षा सातूसारखं करा. भाजलेले गहू आणि फुटाणे बारीक दळून डब्यात ठेवा. ते आधीच भाजलेलं असतं, म्हणून शिजवायची गरज नाही. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये ठेवा, आजीला सांगा वाटीत दोन मोठे चमचे पीठ, वरून पाणी, तूप, आणि घरात असेल तर केळं. दोन मिनिटांचं काम. वाटी-चमचा मात्र त्या वेळी धुतलेला हवा आणि आजीचे हात साबणाने. यात मोडाचं पीठ नको, कारण ते कच्चं असतं, उकळी लागते त्याला.

कापूस_वेचणारी
फुटाण्याची टरफलं काढायची का?

आर्वीची_आजी
हो माय, सुपात घेऊन चोळ अन् पाखड. टरफल घशाले लागते.

धामणगावची_सून
शेवटचं विचारते. एका वेळी किती दळून ठेवू? पावसाळा तोंडावर आहे आणि मागचं पीठ लागलं होतं, जाळी धरली होती.

आर्वीची_आजी
पंधरा दिवसांचं दळ, पावसाळ्यात त्याहून कमी. भाजलेलं धान्य डब्यात ठेवून दे अन् लागलं तसं दळ. फल्लीदाणे पिठात दळू नको, तेल सुटून खवट होते, ते टायमावर वाट. डबा कोरडा, चमचा कोरडा.

अन् चक्कीवर गेली का लेकराचं दळण गव्हाच्या दळणामागून टाकाले सांगजो. आमच्या चक्कीवाल्यानं एकदा कोणाच्या तरी मिरचीमागून टाकलं होतं. तवा लेकरू पेजेले पाहूनच रडे, अन् आम्ही चव सुधरवत बसलो होतो.